टोपी घालणारं डोकं

मराठीत 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे. त्यामुळे टोप्या करणाऱ्याला कोणी कलावंत म्हटलं की आपल्याला आधी हसू येतं. आयर्लंडच्या खेड्यातून लंडनला आलेल्या फिलिप ट्रेसीलाही जग हसलं. २०११ च्या शाही लग्नात राजकन्या बिअ‍ॅट्रिसने त्याची टोपी घातली आणि नेटवर नुसती टर उडाली. महिन्याभरात तीच टोपी ईबेवर ८१,१०० पौंडांना गेली, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या मदतीला!

पण मला विचाराल तर खरी ग्रेट इझाबेला ब्लो. १९८९ मध्ये तिने स्वतःच्या लग्नासाठी या विद्यार्थ्याकडून शिरोभूषण करून घेतलं, मग घराच्या तळघरात त्याला कामाला जागा दिली. त्याने टोपी म्हणून चक्क शिडाचं जहाज केलं. तिने ते डोक्यावर मिरवलं.

आम्हा आयटीवाल्यांना कल्पना सुचत नाहीत असं नाही हो. "आधी कुठे वापरलंय का?" असं न विचारणारा क्लायंट भेटत नाही. कलावंत घडायला हात लागतातच, पण लोक हसतील हे माहीत असूनही टोपी घालणारं एक डोकंही लागतं.

तेव्हा ओळखीत कोणी असं काही जगावेगळं करत असेल, तर नुसतं 'मस्त रे' म्हणू नका. विकत घ्या, आणि वापरा!