नवीन क्लोज्ड-बॅक हेडफोन: आठवडाभर वापरून माझं मत, आणि पैसे घालण्याआधीचा हिशोब



चॅनेलच्या कामासाठी मी नवीन हेडफोन घेतलाय. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स. वायरवाला, क्लोज्ड-बॅक. पैसे माझे, बिल दुकानाच्या नावावर, आणि कंपनीचा माझ्याशी काही संबंध नाही. आठवडाभर रोज दोन-तीन तास एडिटिंग त्याच्यावर केलं.

घाईत असाल तर मत आधीच सांगून टाकतो. असा हेडफोन चैन म्हणून घेऊ नका, काटा म्हणून घ्या. दुकानात जसा वजनकाटा असतो, तसा हा आवाजाचा काटा. आणि ज्याच्याकडे अजून तोलायला मालच नाही, त्याने काट्याची घाई करू नये. आता सविस्तर बोलू.

क्लोज्ड-बॅक म्हणजे नक्की काय?

हेडफोनची जी वाटी कानावर बसते, तिची बाहेरची बाजू पूर्ण बंद असते. म्हणून क्लोज्ड-बॅक. ओपन-बॅकमध्ये तीच बाजू जाळीची असते. ओपन-बॅकचा आवाज मोकळा वाटतो, गाण्याचं मिक्सिंग करणारे बरेच जण तो पसंत करतात. पण त्यातून आवाज बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो.

आपलं काम कसं चालतं बघा. समोर माईक, मागे स्वयंपाकघर, कुकरची शिट्टी, खाली रिक्षा. रेकॉर्डिंग करताना हेडफोनमधला आवाज बाहेर आला तर माईक तोही पकडणार. म्हणून आपल्या कामाला बंद वाटीचाच बरा. आणि वायरवालाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, मग एडिटिंग करताना ओठ आणि शब्द जुळवणं म्हणजे डोक्याला ताप.

एक गैरसमज मात्र काढून टाका. क्लोज्ड-बॅक म्हणजे नॉइज कॅन्सलिंग नव्हे. इथे बॅटरी नाही, सर्किट नाही, फक्त कान झाकले जातात. त्यामुळे बोलणं, शिट्ट्या, हॉर्न बऱ्यापैकी कमी होतात, पण जाड आवाज आत येतोच. आमच्या वाशीत एपीएमसीकडे जाणारा भरलेला ट्रक गेला की त्याची घरघर ऐकू येतेच येते.

हातात घेतल्यावर

वायर सोडून वजन २८५ ग्रॅम. हेडफोन घडी होतो, बरोबर पाऊच येतो. वाट्या ९० अंशात फिरतात, म्हणजे एक कान मोकळा ठेवून काम करता येतं. आतला ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, ४५ मिलिमीटरचा आहे. इम्पिडन्स ३८ ओहम. ओहमचा आकडा बघायची सवय लावा. स्टुडिओसाठीचे काही हेडफोन २५० ओहमचे असतात, ते साध्या मोबाईलवर नीट वाजत नाहीत, वेगळा अँप्लिफायर लागतो. ३८ ओहमचा लॅपटॉपवर आणि मोबाईलवर चालतो. मोबाईलला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागेल, तो खर्च आधीच धरा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आवाजाची नाहीच. बॉक्समध्ये तीन वायरी आहेत आणि तिन्ही काढता-घालता येतात. कानाचे पॅडही बदलता येतात. हेडफोन मरतो तो बहुतेक वेळा वायरीच्या टोकाला. एका वायरीसाठी पूर्ण वस्तू फेकायची वेळ येऊ नये. मशीन घ्या, गाडी घ्या नाहीतर हेडफोन घ्या, धंद्याच्या वस्तूला पहिला प्रश्न हाच विचारा: स्पेअर मिळतो का?

हे मॉडेल २०१४ पासून बाजारात आहे. सोनीचा एमडीआर-७५०६ तर १९९१ पासून. आपल्याला दरवर्षी नवा मोबाईल बघायची सवय लागलीय, पण कामाच्या हत्यारात जुनं मॉडेल म्हणजे वाईट नव्हे. इतकी वर्षं विकला जातोय म्हणजे पॅड, वायरी आणि माहिती तीन्ही सहज मिळतात.

काट्याचा पासंग ओळखा

जुन्या दुकानदारांचा एक शब्द आहे, पासंग. रिकाम्या तराजूचं एक पारडं थोडं झुकलेलं असेल, तर तो फरक म्हणजे पासंग. हुशार दुकानदार आधी पासंग बघतो, मग माल तोलतो.

प्रत्येक हेडफोनला पासंग असतो. एम५०एक्सबद्दल सगळीकडे हेच सांगितलं जातं की त्यात खालचा जाड आवाज, म्हणजे बेस, थोडा पुढे आहे आणि वरचा कडक आवाजही जरा उठून येतो. ऐकायला मजा येते. पण हे लक्षात न घेता एडिटिंग केलंत तर काय होईल? तुम्हाला तुमचा आवाज जास्तच भरदार वाटेल, तुम्ही बेस कमी कराल, आणि मोबाईलवर तोच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ वाटेल.

पासंग ओळखायचा कसा? प्रमाणित वजन लावून. आपल्याकडे ते फुकट मिळतं. आकाशवाणीच्या मराठी बातम्या लावा. नीट स्टुडिओ, चांगला माईक, कमावलेला आवाज. रोज दहा मिनिटं त्याच हेडफोनवर ऐका. चार-पाच दिवसांत कानाला कळतं की चांगला आवाज या हेडफोनमधून असा ऐकू येतो. मग स्वतःचं रेकॉर्डिंग लावा आणि तुलना करा. म्हणूनच मी पहिल्या दिवशी मत देत नाही. पहिल्या दिवशी नवा हेडफोन फक्त जुन्यापेक्षा वेगळा वाटतो, आणि वेगळा म्हणजे चांगला असं आपण धरून चालतो.

मग फायदा काय झाला?

एक उदाहरण देतो. मसाल्याचा घरगुती धंदा करणाऱ्या एका ताईंनी मला त्यांचा व्हिडिओ तपासायला पाठवला. बोलणं छान, हातात बरणी, भाव स्पष्ट सांगितलेला. मोबाईलच्या स्पीकरवर काही खटकलं नाही. हेडफोनवर लावला तर पूर्ण व्हिडिओभर मागे एक बारीक गुणगुण, आणि मध्येच ती बंद होते. फ्रिजचा कॉम्प्रेसर!

मोबाईलचा स्पीकर एवढासा, तो जाड आवाज काढूच शकत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फ्रिज, जुनी चोकवाली ट्यूबलाइट, पंखा यांची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास असते. स्पीकरवर ती लपते. पण गिऱ्हाईक बसमध्ये इअरफोन लावून बघत असेल तर त्याला ती ऐकू येते. त्याला नाव सांगता येणार नाही, पण कंटाळा येईल आणि तो पुढे सरकेल.

उपाय फुकटचा आहे. रेकॉर्डिंगपुरता फ्रिज बंद करा. आणि परत चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. घराबाहेर पडताना किल्ली शोधाल आणि फ्रिज आठवेल. शूटिंगवाल्यांची ही जुनी युक्ती आहे.

आता लक्षात घ्या, हेडफोनने ताईंचा आवाज सुधारला नाही, फक्त खोट दाखवली. सुधारणा फ्रिजच्या बटणाने झाली. काट्याचं काम एवढंच असतं.

"पण गिऱ्हाईक तर मोबाईलवरच ऐकतं ना?"

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं: कपडा शिवणारा उलटी बाजूही बघतो, गिऱ्हाईक बघत नसलं तरी. माल तपासायची पट्टी गिऱ्हाइकाच्या पट्टीपेक्षा कडक हवी.

पण प्रश्नातला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे, म्हणून शेवटची तपासणी मोबाईलवरच करायची. हेडफोनवर खोट शोधा, मोबाईलच्या स्पीकरवर शब्द न् शब्द कळतोय का बघा, मगच अपलोड करा. नुसत्या हेडफोनवर विसंबून राहणारा माणूस स्वतःसाठीच व्हिडिओ बनवत बसतो.

दुकानात बसून वापरणाऱ्यांनो, ऐका

काउंटरवर दोन्ही कान झाकून बसू नका. गिऱ्हाईक दारात येतं, "शेठ" म्हणून हाक मारतं, आपण मान खाली घालून एडिटिंग करतोय. ते दुसऱ्या दुकानात जाणार. त्या दिवशी हेडफोनची खरी किंमत बिलापेक्षा जास्त पडली. काउंटरवर असाल तर एक वाटी कानामागे. नाहीतर शटर पाडल्यावर काम करा. मी तेच करतो.

दुसरं, घाम. कुठलाही बंद वाटीचा हेडफोन आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत कान तापवतो. कृत्रिम चामड्याचे पॅड घामाने लवकर सुटतात. वापरून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा, उन्हात ठेवू नका.

तिसरं, कान. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. आवाज वाढला की तास भराभर कमी होतात. बंद वाटीचा फायदा असा की बाहेरचा गोंगाट कमी झाल्यामुळे आवाज कमी ठेवूनही काम होतं. तो फायदा घ्या. तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे सोडा.

आता पैशांचं बोलू

हेडफोनवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा बिल ११,८०० रुपयांचं झालं. त्यात माल १०,००० चा आणि कर १,८०० चा. तुम्ही नियमित जीएसटीत नोंदणीकृत असाल, वस्तू धंद्यासाठी वापरत असाल आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल, तर १,८०० चं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही. नोंदणीच नसेल तर तुमचा खर्च पूर्ण ११,८००. त्यामुळे "अमक्याला स्वस्त पडला" हे ऐकून उडी मारू नका, आधी आपण कुठल्या रांगेत आहोत ते बघा. शंका असेल तर तुमच्या सीएला विचारा.

लॅमिंग्टन रोडवरून घ्या, ऑनलाइन घ्या, पण पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर क्रेडिट नाही आणि वॉरंटीचाही वांधा.

आणि हप्त्यावर घेऊ नका. हे माझं ठाम मत आहे. जी वस्तू थेट गल्ल्यात पैसे आणत नाही, तिचा हप्ता गल्ल्यातून जाऊ देऊ नये. सुरुवात करणाऱ्याचा खर्चाचा क्रम मी असा लावतो:

१. शांत जागा. खर्च शून्य. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा, आवाज घुमत नाही.
२. साधा वायरवाला कॉलर माईक. आवाज तोंडाजवळ पकडला की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.
३. मोबाईलबरोबर आलेला किंवा घरात पडलेला वायरवाला इअरफोन. फ्रिजची गुणगुण त्यावरही बऱ्यापैकी कळते.
४. आठवड्याला दोन व्हिडिओ सलग तीन महिने टाकून झाले, किंवा आवाजाच्या कामाचे कोणी पैसे देऊ लागलं, की मग हेडफोन.

चौथ्या पायरीवरून सुरुवात करणारे बरेच भेटतात. हेडफोन डोक्यावर, रिंग लाइट चालू, आणि व्हिडिओ शून्य. उद्योजक दिसण्याचा खर्च आणि उद्योजक होण्याचा खर्च वेगळा असतो, मंडळी.

घेतलाच असेल तर पहिले तीन दिवस

परत करायची मुदत मर्यादित असते, म्हणून आधी हे करा. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा, तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडतो. डावा-उजवा आवाज वेगवेगळा तपासा. वायर हलवून खरखर येते का बघा. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट सलग ४० मिनिटं घालून बसा, कानामागे दुखतंय का ते तेव्हाच कळतं. आवाज आवडला नाही एवढ्यासाठी लगेच परत करू नका. पण डोकं दुखत असेल तर बिनधास्त परत करा, त्याची सवय होत नाही.

एवढं करून हेडफोन तुमच्याकडे राहिला तर उत्तम. नसेलच घ्यायचा, तरी आज रात्री एक काम करा. तुमचा शेवटचा व्हिडिओ घरातल्या साध्या इअरफोनवर डोळे मिटून ऐका आणि जे खटकलं ते कागदावर लिहा. त्या यादीतल्या किती गोष्टी पैसे न घालता सुटतात ते मोजा. मग खरेदीचं ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.