रंगाची परीक्षा विसर्जनाआधी व्हावी

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की पेणच्या गणपती कारखान्यांतून रंगकामाची लगबग सुरू होते. पीतांबराचा पिवळा, शेल्याचा केशरी, अंगकांतीचा गुलाबी असे हात एकामागून एक चढतात आणि अखेरीस डोळ्यांची आखणी झाली की मातीच्या आकाराला देवत्वाची कळा येते. या मूर्तीविषयीची अलीकडील सार्वजनिक चर्चा मात्र ती शाडूची असावी की प्लास्टरची, या एकाच प्रश्नाभोवती फिरली. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास मुभा दिली, पण त्यांचे नैसर्गिक जलाशयांत विसर्जन होऊ नये असे बजावले. पुढे २४ जुलै २०२५ रोजी मोठ्या मूर्तींना त्या वर्षापुरता अपवाद मिळाला. या वादात रंगाचा प्रश्न मागे पडला. वास्तविक शाडूच्या मूर्तीवर विषारी रंग दिला तर ती केवळ माती शुद्ध म्हणून निर्दोष ठरत नाही.

रंगातील मुख्य शत्रू म्हणजे शिसे. पिवळ्या रंगाला तेज देणारे लेड क्रोमेट हे शिशाचेच संयुग होय. पिवळ्या, केशरी व लाल छटांत शिसे अधिक आढळते ते याच कारणाने, आणि दुर्दैवाने याच छटा आपल्या देवघरात सर्वाधिक शोभतात. शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चौपट-पाचपट शिसे शोषून घेते आणि त्यांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा कायमचा परिणाम होतो. शिवाय शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, विरत नाही. तळ्याच्या गाळात जाऊन बसते.

हे द्रव्य आपल्याला परके नाही. मारुतीच्या अंगावर चढणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. हिंगुळात पारा, तर हरताळात सोमल. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरांवर लेखक हरताळाचा लेप देत. त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. पूर्वजांनी ही द्रव्ये वापरली ती त्यांच्या टिकाऊ तेजासाठी. तेज डोळ्यांना दिसते. विष दिसत नाही. म्हणून येथे डोळ्यांखेरीज अन्य साक्षीदाराची गरज भासते.

हा साक्षीदार प्रयोगशाळेत असतो. रंगाच्या कारखान्यांत परीक्षेची उपकरणे पूर्वापार आहेत. रंगकणांची बारीकी पोलादी खाचपट्टीवर पाहतात. दाटपणा मोजण्यासाठी तळाला छिद्र असलेल्या पेल्यातून रंग रिकामा होण्यास किती सेकंद लागतात ते मोजतात. चकाकी साठ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून ठरवितात. आणि सुकलेल्या थरावर पात्याने चौकटी आखून, वर चिकटपट्टी लावून ती ओढून काढतात व रंगाची पकड पारखतात. परंतु या साऱ्या परीक्षा रंग किती देखणा व टिकाऊ आहे एवढेच सांगतात. शिशाने भरलेला रंग त्या सर्वांत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊ शकतो!

शिसे शोधणारे उपकरण निराळे. हातात मावणाऱ्या यंत्रातून क्ष-किरण रंगावर सोडले जातात. रंगातील अणू त्यांना आपापल्या ठरावीक ऊर्जेच्या किरणांनी उत्तर देतात आणि काही सेकंदांतच आकडा उमटतो. यातही एक मौज आहे. शिशाचे एक मुख्य उत्तर व सोमलातील आर्सेनिकचे मुख्य उत्तर जवळजवळ एकाच ऊर्जेवर, सुमारे १०.५ सहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते. शेंदूर आणि हरताळ यांत यंत्राचीही अशी गल्लत होऊ शकते. म्हणून जाणता तपासनीस शिशाचे १२.६ सहस्रांवरील दुसरे उत्तर पाहतो. शिवाय हे किरण पातळ थर भेदून खालच्या जुन्या रंगापर्यंत पोहोचतात. तेव्हा वादाचा प्रसंग आला तर रंग आम्लात विरघळवून अणुशोषण यंत्रावर मोजणे हाच पक्का निवाडा होय.

कायदा या आकड्यावरच उभा आहे. केंद्र शासनाने २०१६ साली केलेले नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. घरगुती व शोभेच्या रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, म्हणजे एक किलोत ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे ते सांगतात. अमेरिकेने हीच मर्यादा २००९ मध्ये स्वीकारली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीही मूर्तींसाठी विषारी रंग निषिद्ध ठरविले आहेत. नियम आहेत; प्रश्न तपासणीच्या जागेचा आहे. डब्यावरील लेबल डब्यापाशीच राहते. मूर्तीच्या अंगावर लेबल नसते. विसर्जनाच्या आधी व नंतर पाण्याचे नमुने घेतले जातात, ते योग्यच; परंतु पाण्यात शिसे सापडले तेव्हा हानी होऊन चुकलेली असते, आणि ते कोणाच्या मूर्तीचे हेही सांगता येत नाही.

उलट रंगाचा एक घाणा शेकडो मूर्तींना पुरतो. त्या एका घाण्याची परीक्षा म्हणजे शेकडो मूर्तींची परीक्षा! ती खर्चाच्या दृष्टीने परवडणारी व न्यायाच्या दृष्टीने उचित आहे, कारण तिचा भार गरीब मूर्तिकारावर न पडता रंग करणाऱ्यावर पडतो. मूर्तिकार हा तर दिवसाचे बारा तास त्याच रंगात श्वास घेणारा पहिला बळी आहे. चैत्र-वैशाखातच तपासनीसाने यंत्र घेऊन रंगविक्रेत्याच्या दारी जावे, अनंत चतुर्दशीची वाट पाहू नये, हेच या सर्व विवेचनाचे सार आहे.

जाता जाता आमच्याच घरची एक गोष्ट. छपाईच्या शाईची परीक्षाही ती पुसली जाते का, उठून दिसते का, यासाठी होते. पोटात जाण्यासाठी नव्हे. म्हणूनच २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली आहे. मोदकाचा वा खिरापतीचा प्रसाद या पानात बांधू नये, ही आमची वाचकांना विनंती. त्यासाठी केळीचे पान पुरेसे समर्थ आहे.

यंदा मूर्ती ठरविताना माती कोणती, एवढेच न विचारता रंग कोणता व त्याचे शिसे कोणी मोजले, हेही यजमानाने विचारावे. शेंदूर मुलांच्या हाती देऊ नये. त्याचे स्थान देवाच्या अंगावर आहे, बालकाच्या जिभेवर नव्हे. विघ्नहर्त्याला आपण ज्या वस्त्रालंकारांनी नटवितो, त्यांतूनच घरात विघ्न येऊ नये, ही दक्षताही पूजेचेच अंग होय.