गुलामीतल्या करारावर माणूस परक्यांच्या हवाली करायचा?

साम्राज्याने केलेला प्रत्यार्पण करार स्वतंत्र देशाला आपोआप बांधत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. १९१० साली सावरकरांना लंडनहून मुंबईकडे धाडले ते १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली. त्या कायद्याच्या लेखी लंडन, मुंबई, सिंगापूर ही सगळी एकाच धन्याची ठाणी होती. पुढे सिंगापूरच्या ब्रिटिश सरकारने मद्रासेतून दोघांना मागितले, तेव्हा १९५४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले की भारत आता ब्रिटिश मुलूख नाही, तो कायदा येथे चालणार नाही. धनी गेला, तशी त्याची हुकमतही गेली.

यावर नंतरचा एक निकाल पुढे केला जातो. ब्रिटन आणि अमेरिकेतला १९३१ चा करार भारतालाही लागू आहे, असे तेव्हा त्याच न्यायालयाने मानले. पण त्या खटल्यात अमेरिका त्याच कराराने मागणी करत होती आणि भारत सरकार तो करार मान्य करत होते. म्हणजे बळ आले ते दोघांच्या संमतीतून. १९४७ मध्ये स्वातंत्र्यासोबत निघालेल्या आदेशाने जुन्या करारांचे हक्क आणि जबाबदाऱ्या आपल्याकडे आल्या हे खरे. पण दिल्ली आणि लंडनने आपसात केलेली वाटणी तिसऱ्या देशाला कशी बांधेल? एका राज्याचे करार त्याच्या जागी आलेल्या राज्याकडे कसे जातात, याविषयीचा १९७८ चा व्हिएन्ना करारही हेच सांगतो: द्विपक्षीय करार नवस्वतंत्र देशाबाबत चालू राहतो तो दोन्ही बाजूंनी उघड कबुली दिली तर, किंवा वर्तनातून ती दिसली तर. जुन्या करारांनी ठरलेल्या सीमांची गोष्ट वेगळी. त्या हलल्या तर युद्धे पेटतात, म्हणून त्यांना त्या करारात मुद्दाम वगळले आहे.

मग फरारी मोकाट सुटतील, ही भीती खोटी नाही. तिच्यावर टांगानिकाचे पंतप्रधान न्येरेरे यांनी १९६१ मध्येच उपाय दाखवला: जुने द्विपक्षीय करार दोन वर्षे पाळू, तेवढ्यात नव्याने बोलणी करा, नाहीतर बहुतेक करार संपले असे समजू. आपण मात्र अमेरिकेशी नवा करार करायला १९९७ उजाडू दिले. जुना करार गुन्ह्यांच्या ठरावीक यादीवर चाले. नव्यात दोन्ही देशांत एक वर्षाहून जास्त कैदेची शिक्षा असलेला कोणताही गुन्हा बसतो. फरारी निसटू नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच खरे तर नव्या कराराचा आग्रह धरायला हवा. १९६२ चा प्रत्यार्पण कायदा आजही १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीचे, भारताला बंधनकारक असलेले करार मानतो. असा प्रत्येक करार सरकारने संसदेपुढे चर्चेला ठेवावा आणि दोन वर्षांत तो नव्याने करावा किंवा सोडून द्यावा, ही आमची मागणी आहे.