वर्गातला ‘अण्णा’

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे वय साधारणपणे अठरा असावे, असा हिशेब आहे. माझे वीस आहे. त्यामुळे वर्गातील कन्नड मुले मला ‘अण्णा’ म्हणतात आणि मराठी मुले ‘दादा’. दोन्ही भाषांतला आदर मला कळतो; पण त्या आदराबरोबर खुर्च्या लावण्यापासून वर्गणी गोळा करण्यापर्यंतची सारी कामेही आपोआप गळ्यात पडतात! आणि नवा माणूस भेटला की त्याचा प्रश्न ठरलेला: “किती वेळा नापास झालास?”

मित्रहो, मला या प्रश्नाविषयीच लिहायचे आहे. आपल्या जोयडा तालुक्यात वय आणि इयत्ता यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. वाड्या रानात विखुरलेल्या, हायस्कूल लांब, आणि पावसाळ्यात ओढा चढला की वाट बंद. कोणी वसतिगृहात जागा मिळेपर्यंत घरी थांबतो, तर माझ्यासारखा मराठी शाळेतून आलेला कोणी पुढे कन्नड आणि इंग्रजीपाशी अडखळतो. मी स्वतः दहावीनंतर दोन वर्षे घरी होतो. वडील अंथरुणाला खिळले होते आणि भाताची लावणी कोणाला तरी करायलाच हवी होती. यात नापासाचा संबंध कोठे आला?

शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे आणि मागचा अभ्यास भरून काढण्यासाठी वेगळे शिकवावे, असे 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. चांगली गोष्ट आहे. पण हा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा. पुढे ज्याचे त्याने पाहायचे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 चा. सतराव्या वर्षी ते परीक्षेसाठी भर पावसात, घाट चढून, मुरुडहून साताऱ्याला सुमारे 110 मैल पायी गेले. तेथे त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. कारण काय, तर ते वयाने लहान दिसतात! पुढे मॅट्रिक झाले 1881 मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. आजच्या हिशेबाने मॅट्रिकच्या वर्गात केवढा घोडा! तोच माणूस 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. त्यांना आज कोणी विचारते काय, की इतका उशीर का?

थोरल्या विद्यार्थ्यांनाही मला एक सांगायचे आहे. पुष्कळ जण शेवटचा बाक धरतात आणि धाकट्यांना शंका विचारणे कमीपणाचे मानतात. हा मोठेपणा काय कामाचा? बाजारात भात विकताना उधारी कशी बुडते ते मला ठाऊक आहे. पण तीच बुडीत रक्कम ताळेबंदात कशी दाखवायची, हे मला वर्गातल्या सतरा वर्षांच्या एका मुलीने शिकवले. ती मला ‘अण्णा’च म्हणते, आणि वर दटावते, “अण्णा, अगोदर इकडे लक्ष द्या!”