धमक कुठून येते?

‘आपल्या पोरांत धंद्याची धमकच नाही,’ हे वाक्य आपल्या बैठकांत वारंवार ऐकू येते. मला ते पटत नाही. माणसाची धमक भोवतालच्या परिस्थितीत घडते, आणि तिथेच खचतेही.

मुरबाड-शहापूरकडे पाहा. मुरबाड गावाला अजून रेल्वे नाही; माल येतो तो रस्त्यानेच. गिऱ्हाईक भातशेतीवर, मजुरीवर, वीटभट्टीवर जगणारे. त्यांच्या हाती पैसा हंगामाने येतो, म्हणून पावसाळ्यात दुकानदाराची उधारीची वही फुगत जाते. अशा दुकानदाराने नवा माल भरायचे टाळले तर तो भित्रा ठरत नाही. एक फटका बसला तर सावरायला मागे कुणी नाही, हा त्याचा हिशेब असतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही हेच दाखवले होते : मुस्लिमांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण अधिक, पण बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा कमी. म्हणजे उमेद होती, भांडवल नव्हते.

याच मुलुखात याचे उत्तर शोधणारा एक माणूस होऊन गेला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्या लढ्याचे स्मरण आपण करतो. कोतवालांच्या त्याआधीच्या कामाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. माथेरानच्या नाभिक कुटुंबातल्या या वकिलाने शेतकरी सावकाराच्या पाशातून सुटावा म्हणून धान्यकोठारे उभी केली. अडीच्या दिवसांत घरात दाणा असला, तरच माणूस पुढचा विचार करू शकतो.

आज आपले धान्यकोठार कोणते? मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्या कर्जाला तारण लागत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. तरीही अनेक जण एजंटाला पैसे मोजतात किंवा बँकेच्या पायरीवरून परततात. म्हणून माझी सूचना साधी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी आपल्या दोन शिकलेल्या कार्यकर्त्यांनी तिथे टेबल मांडावे, कागदपत्रे करून द्यावीत आणि गरज पडल्यास बँकेपर्यंत सोबत जावे. समोरचा कुरेशी आहे, ठाकर आहे की आगरी, हे विचारू नये. उधारीची वही सर्वांची सारखीच आहे.

इतके करून पाहू या. मग पोरांच्या धमकीबद्दल बोलू.