वाळूत रुतलेला देवमासा

जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत येऊन पडला. वनखात्याचे कर्मचारी व गावकरी यांनी त्याला पुन्हा समुद्रात लोटण्याची शिकस्त केली. परंतु दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला. ज्या जातीचा पूर्ण वाढलेला प्राणी ऐंशी-नव्वद फुटांचा आणि शंभर टनांहून अधिक वजनाचा होतो, तिच्यातील हे पोरच म्हणावयाचे. त्याच वर्षी सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना या जातीची मादी पिलासह दिसली होती. म्हणजे हा पाहुणा नव्हे, आपलाच शेजारी आहे.

आपण त्याला मासा म्हणतो खरे. पण तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. पाण्यावर तोलली जाणारी ती प्रचंड काया वाळूवर स्वतःच्याच भाराने फुप्फुसे दाबू लागते. चरबीच्या थरामुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. अशा प्राण्याच्या शेपटीला दोर बांधून ओढणे हा उपकार नव्हे, इजा होय. आणि ओढणाऱ्यांना हे कोणी शिकविलेले नसते, त्यात त्यांचा दोष तो काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे अडकलेल्या देवमाशाच्या पिलासाठी लोक दिवसरात्र झटले. पिलू समुद्रात गेलेही. पण पुढे ते मृतावस्थेतच सापडले.

विसाव्या शतकात माणसाने तेलासाठी साडेतीन लाखांवर निळे देवमासे मारले. १९६६ साली या जातीच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांचे अभयारण्य ठरला. आपल्या वन्यजीव कायद्यानेही त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. कागदावर उणीव नाही. ती किनाऱ्यावर आहे.

जाळ्यात सापडलेल्या संरक्षित प्राण्यास जाळे कापून सोडणाऱ्या मच्छिमारांना भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये आणली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तीच दृष्टी पुढे न्यावी. किनाऱ्यावरील प्रत्येक तालुक्यात कोळी तरुणांचे प्रशिक्षित पथक, अंगाखालून घालावयाचे रुंद पट्टे, अंग ओले ठेवण्यासाठी पंप, हाकेसरशी येणारा जाणता पशुवैद्य आणि बघ्यांना दूर ठेवणारे चार पोलीस, एवढेच आमचे मागणे आहे. पर्यटन महोत्सवाच्या एका मंडपाहून यास अधिक खर्च येईल, असे आम्हांस वाटत नाही.