टर्की, घारगे आणि रिकाम्या खुर्च्या

नोव्हेंबर उजाडला की आमच्या घरात दोन प्रश्न हमखास निघतात. टर्की किती किलोची आणायची हा एक, आणि "हा काय आपला सण आहे का?" हा दुसरा. पहिला बायको विचारते, दुसरा पुण्याहून फोनवर आई. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चौदा पाहुणे, त्यातले निम्मे शाकाहारी, म्हणजे पाच-सहा किलोचा पक्षी पुरून उरतो. दुसऱ्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून हा लेख.

मी पीएचडी अमेरिकेत केली आणि आता दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो. शेख मोहम्मद बिन झायेद रोड आणि अल ऐन रोड यांच्या बेचक्यात, साधारण सात चौरस किलोमीटरवर वसवलेली ही वसाहत. नावात सिलिकॉन आहे आणि ओएसिसही आहे. पैकी दुसरं म्हणजे पाणी घालून वाढवलेली झाडं. थँक्सगिव्हिंगची इथे सुट्टी नसते. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार इथे कामाचाच दिवस. त्यामुळे आमचं जेवण शनिवारी असतं. पुरणपोळीसुद्धा आपण सोयीच्या रविवारी करतोच की!

तयारीचं म्हणाल तर हे स्वयंपाकापेक्षा प्रोजेक्ट प्लॅनिंगच जास्त आहे. दगडासारखी गोठलेली टर्की फ्रीजमध्ये दर दोन किलोला एक दिवस या हिशोबाने सुटते. म्हणजे सहा किलोची टर्की बुधवारी सकाळीच फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात यायला हवी. ओट्यावर ठेवून घाई करायची नाही, कारण आतला बर्फ वितळेपर्यंत बाहेरच्या मांसात जंतूंची जत्रा भरते. शनिवारी सातला पानं घ्यायची असतील तर मागे मोजत जायचं. १६० अंशांवर साडेतीन तास, वर अर्धा तास झाकून ठेवणे, मग कापणे. म्हणजे दुपारी अडीचला टर्की ओव्हनमध्ये. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसायचा. ७४ अंश दिसले की झालं. फ्लॅटमधला ओव्हन एवढासा, त्यामुळे दुपारभर त्यात दुसरं काही जात नाही. बाकी सगळं गॅसवर.

आणि इथेच गंमत सुरू होते. पंपकिन पायला ओव्हन रिकामा नाही, म्हणून आमच्याकडे लाल भोपळ्याचे घारगे होतात. रताळ्याचं गोड कॅसरोल नको, रताळ्याचा कीस चालतो. क्रॅनबेरी सॉस बाटलीतला मिळतो, पण शेजारी आंबटगोड म्हणून करवंदाचं लोणचं ठेवलं तर आधी तेच संपतं.

आता तुम्ही म्हणाल, ही भेसळ झाली. पण नीट बघा. लाल भोपळा, रताळं, बटाटा, मका, मिरची, शेंगदाणा हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर जहाजांतून जगभर गेले. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिकडचाच, आणि राजगिराही तिकडचाच. म्हणजे आजीचं एकादशीचं ताट हे थँक्सगिव्हिंगच्या ताटापेक्षा जास्त अमेरिकन आहे! आजीला हे सांगितलं असतं तर तिने माझीच एकादशी काढली असती.

टर्कीचं तर विचारूच नका. पक्षी अमेरिकेचा, इंग्रजीत नाव तुर्कस्तानचं, खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि डच लोकांनी त्याला कालिकतचं नाव दिलं. इथे अरबीत तो 'दीक रूमी', म्हणजे रूमचा कोंबडा. पोर्तुगीजांनी त्याला 'पेरू' म्हटलं, आणि आपल्याकडे पेरू म्हणजे फळ, तेही अमेरिकेतूनच आलेलं. भारतात हा पक्षी आला तो गोव्याच्या वाटेने. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या प्राण्या-पक्ष्यांत टर्की होती. ती बघून जहांगीर इतका चकित झाला की त्याने आपल्या आठवणींत तिच्या डोक्या-मानेच्या बदलत्या रंगांचं वर्णन लिहून ठेवलं, आणि मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्लिमथच्या त्या प्रसिद्ध जेवणाचं साल १६२१. म्हणजे त्याच्या नऊ वर्षं आधी टर्की मुघल दरबारात हजर होती. तेव्हा पदार्थ 'आपला' की 'परका' या वादात मला फारसा रस नाही.

सणाबद्दलचा आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्यांच्या जमिनीवर ते पीक आलं त्या मूळ रहिवाशांचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. १९७० पासून त्यांचे वंशज याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. त्यामुळे आमच्या घरी यात्रेकरू आणि इंडियन यांची गोडगोड गोष्ट मुलांना सांगितली जात नाही. पीक आल्यावर उपकार मानायला आपल्याला प्लिमथची गरजही नाही. कोकणात नवं बांधतात, घाटावर पोळ्याला बैलाला आधी पुरणपोळी आणि मग घरच्यांना.

मग थँक्सगिव्हिंगच का? कारण त्यातल्या दोन गोष्टी आपल्या सणांत कमी पडतात असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली, सगळे एकदम जेवायला बसतात. आपल्याकडे पंगती उठतात आणि घरची बाई शेवटी गार झालेलं जेवते. तिकडे पाहुणा फोनवरच विचारतो, मी काय आणू? आणि जो तो एक भांडं घेऊन येतो. आमच्याकडेही हाच नियम. मसालेभात एकाकडून, कोशिंबीर दुसऱ्याकडून, ताटं विसळायला दोन पुरुष सक्तीने.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याला त्या दिवशी जायला घर नाही त्याला बोलवायचं, हा तिकडचा अलिखित रिवाज. विद्यापीठं ओस पडतात आणि परदेशी विद्यार्थी एकटे उरतात. पहिल्या वर्षी माझ्या गाइडने मला घरी बोलावलं तेव्हा त्यांना माझं नावही धड उच्चारता येत नव्हतं. पण टेबलावर माझ्या नावाची चिठ्ठी ठेवलेली खुर्ची होती.

आता दुबईत ही खुर्ची कोणासाठी? आम्हा इंजिनियर मंडळींची बायकामुलं इथेच असतात. २०१९ च्या नियमानुसार कुटुंब आणायला महिना किमान चार हजार दिरहम पगार लागतो, किंवा तीन हजार आणि राहायला जागा. ज्यांना तेवढा मिळत नाही ते वर्षानुवर्षं इथे एकटे राहतात. आपल्या लॉबीतला गार्ड, उन्हात बाइकवरून जेवण आणणारा मुलगा, एसी दुरुस्त करणारा माणूस. थँक्सगिव्हिंगच्या व्याख्येत हेच बसतात, आणि आपल्या यादीत हेच नसतात. आपण एकमेकांनाच बोलावतो आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं डब्यात भरून गार्डला देतो. देऊ नये असं नाही, पण त्याला आमंत्रण म्हणत नाहीत.

"त्यांना संकोच वाटेल" हे उत्तर मी पुष्कळांकडून ऐकलंय. वाटेलही. पण बहुतेक वेळा संकोच आपला असतो आणि नाव त्यांचं असतं. आमच्या इमारतीच्या मेंटेनन्समधले एक चाचा खेडचे. अठरा वर्षं इथे, बायकामुलं खेडला. माझ्यापेक्षा चांगली मराठी बोलतात. यंदा त्यांना रीतसर आठ दिवस आधी सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पक्षी हलाल आहे ना, आणि मी काय आणू? पहिल्याला हो म्हटलं, दुसऱ्याला काही नको म्हणणार होतो, पण नियम तो नियम. तांदळाच्या भाकऱ्या आणतो म्हणाले. गार्डची मात्र बारा तासांची ड्यूटी, तो येऊ शकत नाही. त्याचं पान आमच्या आधी, गरमगरम, ताटात वाढून खाली जाईल. पोळ्याच्या बैलाला जो मान, तो माणसाला द्यायला हरकत नसावी.

एवढ्याने कोणाचा पगार वाढणार नाही की व्हिसा मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्यांच्या जिवावर आपला एसी, लिफ्ट आणि जेवण चालतं त्यांची नावं तरी त्या दिवशी टेबलावर असावीत. यंदा तुमच्याकडे टर्की असो वा श्रीखंड-पुरी, एक खुर्ची जास्त मांडून बघा.

असो. बुधवार जवळ आलाय आणि फ्रीजमध्ये खालचा कप्पा अजून रिकामा करायचा आहे.